दवबिंदूला पनीर नको!

मंडळी, शेवटचं सांगते. खिडकीतलं ड्रोसेरा (आपल्या कासच्या दवबिंदूचं दक्षिण आफ्रिकी भावंड) म्हणजे सर्कस नव्हे! परवा मामेभावाने हौसेनं पनीर चिकटवलं. बुरशी आली, पान गेलं. वर ऐकवतो, "डार्विननेही मांस घातलं होतं की!" अरे, घातलं होतं, पण बारीकसे तुकडे, आणि प्रयोग म्हणून. १८७५चं पुस्तक आहे, वाच जरा.

त्याचं पोट उन्हावर भरतं. किडे हवेत ते नायट्रोजनसाठी, कारण मूळची जमीनच निकस. म्हणूनच शेणखत नको, नळाचं क्षारांचं पाणी तर नकोच नको. ताटलीत पावसाचं पाणी ठेवा, चिलटं ते स्वतः पकडतं.

आणि काकू, कासहून उपटून आणलेलं ते रोपटं... एका पावसाळ्याचंच होतं हो. बिया तरी पडू द्यायच्या!