विश्लेषण : घरून काम, पण रात्र नेहमी पुण्याचीच का?

बाणेर, वाकड, खराडी, हडपसर... अनेक घरांत रात्री साडेदहाला लॅपटॉप पुन्हा उघडतो. सॅन फ्रान्सिस्कोत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. परदेशातील सहकारी आणि क्लायंटसोबत इंटरनेटवरून काम करणे पुण्याच्या अंगवळणी पडले आहे. मात्र दोन देशांच्या घड्याळांतला फरक कोणी सोसायचा, हे क्वचितच कुठे लिहिलेले असते. जे लिहिलेले नसते, ते पुण्याच्या वाट्याला येते.

पुण्याला हे काम नवे आहे का?

मुळीच नाही. ‘सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया’ ही केंद्र सरकारची संस्था १९९१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या केंद्रांत पुणे होते. उपग्रहाच्या जोडणीवरून इथले सॉफ्टवेअर परदेशात जाऊ लागले. पुढे हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले. क्लायंट तेव्हाही दूरच होता, पण काम कार्यालयात बसून होत असे. २०२० च्या टाळेबंदीने तेच काम घरात आणले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने बीपीओसारख्या सेवांचे नियम सैल केले आणि घरून काम करण्यातल्या जाचक अटी काढल्या. कार्यालयाची भिंत गेली, तशी कामाच्या वेळेची कडही पुसट झाली.

घड्याळाचे गणित काय?

पुण्यातील कर्मचारी सकाळी १० ते सायंकाळी ७ काम करतो, असे धरू. परदेशातील सहकारी त्याच्या वेळेनुसार ९ ते ६ काम करतो. उन्हाळ्यात लंडनचे सकाळचे ९ म्हणजे पुण्यातले दुपारचे दीड. म्हणजे दोघांना साडेपाच तास एकत्र मिळतात. न्यूयॉर्कचे ९ म्हणजे इथले सायंकाळचे साडेसहा, म्हणून जेमतेम अर्धा तास. सॅन फ्रान्सिस्कोचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. तिथे सामाईक वेळ शून्य.

वर्षातून दोनदा हे गणितही बदलते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. ब्रिटन आणि युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. भारताचे घड्याळ हलत नाही, पण पुण्याची बैठक हलते. रात्री साडेदहाचा कॉल हिवाळ्यात साडेअकराला जातो. न्यूयॉर्कसोबतचा अर्धा तासही तेव्हा उरत नाही.

मग ही रात्र मोजली का जात नाही?

अधिकृत नाइट शिफ्ट असेल तर तिची नोंद होते. अनेक ठिकाणी शिफ्ट भत्ता आणि घरी सोडायला कॅब मिळते. घरातला रात्रीचा कॉल मात्र ‘फक्त अर्ध्या तासाचा’ असतो. त्या अर्ध्या तासासाठी जेवण आधी उरकावे लागते, मुलांना गप्प करावे लागते, टीव्हीचा आवाज कमी होतो. कॉल संपला तरी डोके चालूच असते आणि झोप लागायला मध्यरात्र उलटते. दुसऱ्या दिवशी १० वाजता टीमची बैठक ठरलेली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हा कॉल एकट्याचा नसतो, सगळ्या घराचा असतो. ज्या घरात स्वयंपाक आणि मुले अजूनही बाईकडेच आहेत, तिथे तिचा दिवस आणखी लांबतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. जादा कामाला दुप्पट दराने वेतन देण्याची तरतूद आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा १० तास करण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना काम द्यायचे तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि वाहतुकीची सोय हवी. या तरतुदींसमोर चित्र आहे ते कार्यालयाचे. दिवाणखान्यातून रात्री ११ वाजता काम करणारी महिला कुठेही जात नाही, म्हणून तिला कॅब लागत नाही. आणि कॅब नाही, म्हणून नोंदही नाही.

हिंजवडी ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येते, तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेल नाकारण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक मांडले. डिसेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. पण १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून आहे.

हट्ट धरला तर काम जाणार नाही का?

ही भीती खोटी नाही. परदेशी कामावर पुण्यातील कित्येक घरांचे हप्ते चालतात. घरून काम केल्याने वाकडचा पूल आणि भूमकर चौकातली कोंडी टळते, साताऱ्यात आई-वडिलांजवळ राहून नोकरी करता येते. हे सुख कोणालाच गमवायचे नाही. पण मागणी काम नाकारण्याची नाही, वाटून घेण्याची आहे. न्यूयॉर्कचा सहकारी उन्हाळ्यात साडेसातला बसला आणि पुण्याचा सायंकाळी साडेसातपर्यंत थांबला, तर अर्ध्या तासाचे अडीच तास होतात आणि दोन्हीकडची रात्र शाबूत राहते.

काय करता येईल?

पहिले, गैरसोयीच्या वेळेची पाळी लावावी. एका महिन्यात पुणे जागेल, पुढच्या महिन्यात अमेरिकेने पहाटे उठावे. दुसरे, बोलण्याचे काम लेखी करावे. काय झाले, काय अडले, कोणता निर्णय कोणाकडून आणि केव्हापर्यंत हवा, एवढ्या चार ओळी दिवसाअखेरीस लिहिल्या तर रोजचे अनेक कॉल गळून पडतात. तिसरे, रात्री कॉल झालाच तर दुसरी सकाळ तेवढी उशिरा सुरू व्हावी आणि ते तास हजेरीत दिसावेत. यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. परदेशी क्लायंट इथल्या कायद्याला बांधलेला नसेल, पण पुण्यातली कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना बांधील आहे.

करारात कामाचा दर लिहिला जातो, मुदत लिहिली जाते, उशिराचा दंडही लिहिला जातो. रात्री आठनंतरची बैठक कोणाच्या खात्यात धरायची, ही ओळही तिथेच हवी. क्लायंटने ती मागितली नाही, तर कंपनीने लिहावी. कंपनीने लिहिली नाही, तर टीमने एकत्र येऊन मागावी. ही मागणी एकट्याने केली तर तो ‘ॲडजस्ट न होणारा’ ठरतो. दहा जणांनी केली, तर ते वेळापत्रक ठरते.