इनुइटांची लिपी आणि आपल्या तालुक्यातील पारधी भाषा

धागा थोडा लांब आहे, तेव्हा सुरुवात एका सोप्या प्रयोगाने करू. कागदावर छपरासारख्या दोन तिरप्या रेघा काढा, टोक वर. कॅनडातील इनुइट वाचक ही खूण 'पि' अशी वाचेल. टोक उजवीकडे वळवले की 'पु', डावीकडे वळवले की 'प'. व्यंजन तेच राहते. स्वर बदलला की अक्षराची दिशा बदलते. आपण बाराखडीत वेलांटी आणि उकार लावतो, तिथे ते लोक अक्षरच फिरवतात.

हे साम्य केवळ योगायोगाचे नसावे. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये कॅनडातील क्री लोकांसाठी ही लिपी सिद्ध केली. चहाच्या पेट्यांना आतून लावलेले शिसे वितळवून त्याने छपाईचे खिळे ओतले, असे सांगतात. त्याच्या लिपीमागे त्या काळची लघुलेखनपद्धती आणि आपली देवनागरी या दोहोंची प्रेरणा होती, असे लिपीचा इतिहास पाहणारे अभ्यासक मानतात. पुढे मिशनऱ्यांनीच ती इनुक्टिटुट भाषेला जुळवून घेतली, आणि १८७६ पासून एडमंड पेक याने हडसन उपसागराच्या काठी तिचा प्रसार केला. नंतर एका वस्तीकडून दुसऱ्या वस्तीकडे ती इनुइटांनी स्वतःच नेली.

आपल्या शालेय भूगोलातला 'एस्किमो' तो हाच. बर्फाचे घर, सीलचे कातडे, कुत्र्यांची गाडी, आणि धडा संपला. 'एस्किमो' हे इतरांनी दिलेले नाव आहे. 'इनुइट' म्हणजे त्यांच्या भाषेत 'माणसे', आणि एक माणूस असेल तर 'इनुक'. (जाता जाता: 'इग्लू' म्हणजे कोणतेही घर. ते बर्फाचेच असले पाहिजे, ही अट आपल्या पाठ्यपुस्तकांची.) १९४१ पासून कॅनडाच्या सरकारने या माणसांना क्रमांक दिले. क्रमांक कोरलेली लहान चकती गळ्यात बाळगायची, कारण त्यांची नावे कारकुनांना लिहिता येत नव्हती. आडनावे देण्याची सरकारी मोहीम निघाली १९६८ साली.

याच काळात उत्तर क्वेबेकमध्ये मितिआर्जुक नाप्पालुक ही स्त्री लिहू लागली. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून शिकारीची विद्या त्यांनी तिलाच दिली होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी एका मिशनऱ्याने तिला इनुक्टिटुटमधली वाक्ये लिहून मागितली. त्याला भाषा शिकायची होती. वाक्ये लिहिता लिहिता तिने पात्रे निर्माण केली: एक तरुण विधवा, तिची मुलगी, त्यांचा तळ, शिकार, भांडणे, गोऱ्यांचे येणे. तोवर तिने एकही कादंबरी वाचलेली नव्हती. ही 'सनाक' १९८४ मध्ये त्याच फिरत्या अक्षरांत छापली गेली. फ्रेंच अनुवाद २००२ मध्ये आला, इंग्रजी २०१४ मध्ये. मला यातली क्रमवारी महत्त्वाची वाटते. पुस्तक आधी आपल्या लोकांच्या भाषेत झाले, जगाच्या भाषांत मागाहून गेले.

मार्कूसी पात्सौक याचेही तसेच. १९५३ मध्ये सरकारने काही इनुइट कुटुंबांना उचलून शेकडो कोस उत्तरेला, उजाड बेटांवर नेऊन ठेवले. त्यांत हा लहान मुलगा होता. पुढे तो वैमानिक झाला आणि त्याने हार्पूनवाल्या शिकाऱ्याची कथा इनुक्टिटुटमध्ये लिहिली. ती १९६९-७० मध्ये नियतकालिकातून क्रमशः आली. त्या स्थलांतराबद्दल सरकारने क्षमा मागितली २०१० साली.

आता आपल्या तालुक्याकडे वळतो. नांदगाव खंडेश्वर म्हटले की आपल्यासारख्या इतिहासवेड्यांना खंडेश्वराचे हेमाडपंती मंदिर आठवते. त्याच्या शिल्पांची छायाचित्रे आपण काढतो, कोरीव अक्षरांवर तास घालवतो. याच तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे 'प्रश्नचिन्ह' नावाची शाळा आहे. फासेपारधी समाजातच जन्मलेल्या मतीन भोसले यांनी शिक्षकाची नोकरी सोडून २०१२ मध्ये ती उभी केली, भीक मागणाऱ्या आणि रस्त्यावर वाढणाऱ्या पारधी मुलांसाठी. समृद्धी महामार्गाची आखणी त्या आवारावरून गेली आणि २०१९ मध्ये शाळेचे ग्रंथालय पाडले गेले. बातम्या आल्या, हळहळ व्यक्त झाली, मग आपण सगळे नवीन रस्त्याचे कौतुक करू लागलो.

फासेपारधी म्हणजे फास लावून तितर, लावे, हरणे पकडणारे. त्यांच्यातल्या टाकणकारांना हे नाव पडले ते जात्यांना टाके घालण्याच्या, म्हणजे जाती टाकवण्याच्या कामावरून. नावे कामावरून आणि इतरांनी दिलेली. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली, आणि पारध्यांसारखे अनेक समूह जन्मतः संशयित ठरले: हजेरी, नोंदवही, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण 'सराईत गुन्हेगार' हा शब्द नव्या कायद्यांत शिल्लक राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. हरणांसाठी ते योग्यच होते. पण ज्यांची उपजीविका त्यावर होती त्यांना त्या बदल्यात काय मिळाले, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. इनुइटांनी १९९३ च्या करारात जमिनीसह शिकारीचे हक्क लेखी मिळवले आणि १९९९ मध्ये नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश झाला. तुलना इथे थांबते, हे मान्य. त्यांच्याकडे भूमी होती. पारध्यांकडे सातबारा नव्हता.

भाषेच्या बाबतीत मात्र तुलना टाळता येत नाही. पारधी बोली मराठीची पोटभाषा नाही. तिचे नाते गुजराती-भिल्लीकडचे आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात, भिल्ली भाषांच्या बरोबरीने, तिची नोंद आहे. त्या सर्वेक्षणाची रीत अशी, की भाषेचा नमुना म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट भाषांतरित करून घ्यायची. अलीकडे गणेश देवींच्या लोकसर्वेक्षणात महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांच्या भाषांना स्वतंत्र स्थान मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. तरी नमुना वेगळा आणि वाङ्मय वेगळे. मितिआर्जुककडूनही आधी नमुनाच मागितला गेला होता; तिने त्याचे वाङ्मय केले, कारण लेखणी तिच्या हातात होती आणि लिपी तिच्या घरात पोचलेली होती.

आपल्याकडे 'उपरा' आणि 'उचल्या' यांनी मराठी साहित्याला हादरा दिला. ती पुस्तके मराठीत आहेत, आणि म्हणूनच आपण ती वाचली. त्यांच्या लेखकांनी मराठी निवडली यात गैर काही नाही. पण घरात एक भाषा आणि पुस्तकात दुसरी, हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याची कुणी नोंदही घेत नाही. जिच्या प्रेरणेचा अंश घेऊन आर्क्टिकच्या काठी एक लिपी गेली आणि तिथे कादंबरी झाली, ती देवनागरी मंगरूळ चव्हाळ्याच्या मुलांच्या पाटीवर रोज असते. तिच्यात मराठी लिहिली जाते. पारधी का लिहिली जाऊ नये?

यावर दोन आक्षेप ऐकले आहेत. पहिला: मुलांना नोकरी लागेल ती मराठी-इंग्रजीने, बोलीचे पुस्तक पोट भरणार नाही. खरे आहे, म्हणून मराठी-इंग्रजी हवीच. पण पहिलीतल्या मुलाला घरच्या भाषेतले एखादे वाचनपुस्तक मिळाले तर पुढची वाट सोपी होते, अवघड नाही. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. पोलिसांच्या लेखी पारधी बोली ही 'चोरांची सांकेतिक भाषा' होती. जिने आपले रक्षण केले ती भाषा परक्यांच्या हाती का द्यावी, असे एखाद्या आजीला वाटले तर तिचे चूक नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मोबाइल घेऊन वस्तीवर जायचे आणि 'लोकगीते गोळा' करायची, हा उत्साह मला पसंत नाही. त्यात ग्रिअर्सनचीच पद्धत आहे, यंत्र तेवढे नवे.

निवासी शाळांचेही असेच दोन इतिहास आहेत. कॅनडात इनुइट मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले, तिथे त्यांची भाषा मोडली, आणि त्याची क्षमा पंतप्रधानांना २००८ मध्ये संसदेत मागावी लागली. मंगरूळची शाळाही निवासी आहे, पण ती समाजाच्या आतून उभी राहिली. पारधी भाषेचे पहिले पान कुठे लिहिले जावे असे मला विचाराल, तर मी तीच जागा सांगेन. लिहायचे की नाही, काय लिहायचे आणि कुणाला वाचू द्यायचे, हे त्यांनी ठरवावे. आपले काम त्यानंतरचे, आणि सांगितले तरच: अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, छपाईचा खर्च. आणि तोवर, पाडलेल्या ग्रंथालयाच्या बदल्यात काय झाले हे विचारत राहणे.

तालुक्यातील वाचकांपैकी कुणी पारधी घरातून आले असेल, तर या धाग्याखाली अवश्य लिहावे. मराठीतच लिहिले पाहिजे असे नाही.