लिंक नको, दोन वाक्यं पाठवा

नवं इंडी गाणं आलं की आमच्या रत्नागिरीच्या ग्रुपवर लिंक पडते. खाली पाच आगीचे इमोजी. विषय संपला. मीही त्यातलाच.

१९८२ मध्ये मुंबईत चरणजीत सिंग यांनी टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. शिकागोचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं १९८७ला. पण आपल्याकडे त्या रेकॉर्डवर फारसं कुणी बोललंच नाही. २०१० मध्ये एका डच लेबलनं ती पुन्हा काढली, तेव्हा जग चकित झालं. अठ्ठावीस वर्षं! संगीत होतं, चर्चा नव्हती.

‘आता अल्गोरिदम आहे की,’ म्हणाल. मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो: तो जुन्या ऐकण्यावरून अंदाज बांधतो. नव्या गाण्याला ऐकणारेच नसतील तर सुचवणार कशाच्या जोरावर?

आपल्या जाखडीत शक्तीवाल्यांनी सवाल टाकला की तुरेवाल्यांना जबाब द्यावाच लागतो. गाण्याला उत्तर देणारी माणसं आपण! मग मित्रानं रात्री जागून केलेल्या ट्रॅकला नुसता इमोजी? ‘दुसऱ्या मिनिटाला कंटाळलो’ एवढं तरी लिहा. तो भांडेल. भांडू दे. निदान ऐकलंत हे तरी त्याला कळेल.