जपून ठेवा, म्हणजे बिघडेल!

मी बँकेत आहे. बी. कॉम. झालेल्या माणसाने दुसरीकडे कुठे असायचे? बावीस वर्षे लोकांचे दागिने, ठेवी आणि तक्रारी सांभाळतो आहे. तेव्हा कुठली वस्तू कुठे ठेवावी हे आपल्याला कळते, असा माझा समज होता. तो एका ३० मिलिलिटरच्या बाटलीने घालवला.

भाचीने पहिल्या पगारातून मामीला व्हिटॅमिन सीचे सीरम आणले. मी आधी किंमत वाचली आणि मग कौतुक केले. वर म्हणालो, "जपून वापर गं, महाग आहे." झाले! हिने ते दोनदा लावले आणि उरलेले चांगल्या प्रसंगासाठी बाथरूममधल्या फळीवर ठेवून दिले. ही फळी मी स्वतः ठोकलेली. वर गिझर, समोर खिडकी. फळी सरळ बसली म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवली होती.

वर्षाने चांगला प्रसंग आला. भाचीचेच लग्न! हिने बाटली काढली. आली तेव्हा पाण्यासारखे असलेले सीरम आता कोऱ्या चहासारखे झाले होते. ही काही बोलली नाही. तिने बाटली पुन्हा फळीवर ठेवली आणि नेहमीची पावडर लावून लग्नाला निघाली. बोलली असती तर बरे झाले असते.

म्हणून मी जाहीर करतो, की बाथरूममधली फळी ही घरातली सर्वांत नालायक जागा आहे. क्रीम-सीरमचे शत्रू चार: उष्णता, उजेड, हवा आणि ओल. आमच्या फळीवर चौघेही सकाळी सहापासून हजर. चार माणसांच्या चार गरम अंघोळी, त्यांची वाफ, वर खिडकीतले ऊन आणि सैल फिरवलेले झाकण! लॉकररूम नदीकाठी बांधून दार उघडे टाकण्यातलाच हा प्रकार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. "आमच्या आजीच्या उटण्याला कुठे काय होत होतं?" अहो, होणार कसे? आजी उटणे कोरडे ठेवायची, घट्ट झाकणाच्या डब्यात. दिवाळीच्या पहाटे लागेल तेवढेच वाटीत घ्यायची, तेवढेच भिजवायची आणि उरलेले मोरीत सोडायची. पाणी लागले की जंतूंची सोय झाली, हे तिला शास्त्र न शिकता ठाऊक होते. आपल्या क्रीममध्ये पाणी आधीच असते. जंतूंना थोपवायला त्यात औषध घालतात, पण त्यालाही मर्यादा आहे. आपण मात्र त्यात रोज ओले बोट बुडवतो. ज्या आजीचे नाव सांगतो, तिने लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू दिला असता का?

दुसरा पक्ष फ्रिजवाल्यांचा. आमच्या मजल्यावर एका घरी कोल्ड क्रीम लसणाच्या चटणीशेजारी नांदते. व्हिटॅमिन सीच्या सीरमला फ्रिज मानवतो, हे खरे. पण म्हणून सगळी पलटण आत कोंबायची गरज नाही. तेलकट मलमे गारठून दगड होतात. फ्रीझरमध्ये तर क्रीमचे तेल आणि पाणी घटस्फोट घेतात. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली आपसूक गोठते, म्हणून ते बिघडले असेही नाही. बहुतेक वस्तूंना बेडरूममधले बंद, कोरडे, बिनउन्हाचे कपाट पुरते.

तिसरा गुन्हेगार मी स्वतः. सनस्क्रीनची ट्यूब मी स्कूटरच्या डिकीत ठेवत असे. मे महिन्यात! भिजू नये म्हणून घेतलेली छत्री मिटून पावसात उभी करणारा माणूस माझ्यापेक्षा शहाणा.

आता मुद्द्याचे. बाटलीवर किंवा डबीवर एक मुदत छापलेली असते. पुष्कळदा उघड्या डबीचे एक छोटे चित्रही असते, आत '१२ एम'. म्हणजे झाकण उघडल्यापासून बारा महिने. ठेव मुदतीआधी मोडली की व्याजाचा हिशेब बदलतो, तसेच हे. सील फोडले की दुसरे घड्याळ सुरू होते. त्यात जी तारीख आधी येईल ती खरी. म्हणून उघडल्या दिवशी तारीख पेनाने लिहून ठेवावी. कारकुनी आहे, पण उपयोगी आहे.

मात्र सगळ्यांत मोठा शत्रू त्या चारांत नाहीच. तो म्हणजे माझे ते वाक्य, 'जपून वापर'. बँकेतल्या ठेवीकडे दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर २०१४ पासून ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पुढे मालक किंवा वारस आला, तर त्याला ती परत मागता येते. सीरमला असा निधी नाही. ते व्याज देत नाही, रोज थोडे मुद्दल खाते. भाचीने मामीला ठेवपावती दिली नव्हती. रोज सकाळी दोन थेंब दिले होते. ते मी अडवले.

परवा मी नवी बाटली आणली. किंमत वाचली, पण मोठ्याने नाही. ती कपाटात आहे, वर माझ्या अक्षरात तारीख आहे. फळीवर आता फिनेल आणि ब्रश. ही रोज सकाळी दोन थेंब लावते, कुठलाही प्रसंग नसताना. एखाद्या दिवशी तिसरा थेंब पडतो. माझ्या जिभेवर ते वाक्य येते. मी चहाचा घोट घेतो आणि गिळून टाकतो.