समासात लिहिलेला वेग

मोटारीला ‘चिप लावणे’ हा मुळात संहितेचा व्यवहार आहे, असे म्हटले तर साहित्याचे अभ्यासक दचकतील आणि मोटारवेडे हसतील. पण या प्रकारात लोखंड हलत नाही. दट्ट्ये तेच, टर्बोचार्जर तोच, चाके तीच. बदलतो तो फक्त मजकूर. आणि तो बदलल्यामुळे गाडी अधिक जोराने धावू लागते. शब्दांच्या सामर्थ्याविषयी आपण वर्गात जे बोलतो, त्याचा इतका रोखठोक पुरावा अन्यत्र क्वचितच मिळेल.

१९८५ साली आलेली पोर्शे ९४४ टर्बो ही जर्मन स्पोर्ट्‌स कार उदाहरणादाखल घेऊ. अडीच लिटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन आणि २२० अश्वशक्ती. इंजिनाचा कारभार बॉश कंपनीच्या मोट्रोनिक या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे होता. तिच्या पेटीतील चिपमध्ये आकड्यांचे तक्ते असत: इंजिनाचे फेरे इतके आणि भार इतका असेल, तर पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची. शेजारी दुसरी पेटी. इंजिनातील नॉकिंगची चाहूल घेणे आणि टर्बोचा दाब आवरणे हे तिचे काम. म्हणून या गाडीसाठी बाहेरचे लोक विकत त्या चिपा बहुधा जोडीने येत. पेटी उघडावी, जुनी चिप काढावी, नवी बसवावी. सारा मजकूर काही किलोबाइटांचा. आपल्या एखाद्या लेखाहून फार मोठा नाही.

या चिपांच्या जाहिरातींत एक वाक्य निरनिराळ्या रूपांत हमखास आढळते: तुमच्या इंजिनात दडलेली शक्ती आम्ही मुक्त करतो. ही कल्पना आपल्या परिचयाची आहे. भित्र्या संपादकाने कापलेले, दडपलेले आणि म्हणून अधिक ‘खरे’ असे एक हस्तलिखित कुठेतरी आहे, असे मानण्याचा मोह साहित्यातही सुटत नाही. माझ्या मते मोटारीच्या बाबतीत तरी ही समजूत चुकीची आहे. कारखान्याने शक्ती दडवलेली नसते. समास सोडलेला असतो.

पेट्रोल हलक्या प्रतीचे मिळेल, दुपारच्या उन्हात घाट चढावा लागेल, इंजिन जुने होईल, मालक निष्काळजी निघेल, या सर्व शक्यता गृहीत धरून ते तक्ते लिहिलेले असतात. सिलिंडरातील मिश्रण ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटले की दट्ट्यावर हातोडीसारखे घाव बसतात; यालाच नॉकिंग म्हणतात. ते टळावे म्हणून ठिणगी किंचित उशिरा पाडायची, दाब थोडा कमी ठेवायचा. नवी चिप हा समास भरून टाकते. टर्बो असलेल्या इंजिनात तिचा लाभ मोठा, कारण दाब वाढवला की हवाच जास्त कोंबता येते. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र मिळणाऱ्या वाढीचा बराचसा भाग जाहिरातीतच राहतो.

मूळ लेखकाने स्वतःच आपल्या कृतीची सुधारित आवृत्ती काढली तेव्हा काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १९८८ साली पोर्शेने याच गाडीचे २५० अश्वशक्तीचे ‘टर्बो एस’ हे रूप आणले. त्यात केवळ आकडे बदलले नव्हते. टर्बोचार्जर बदलला होता, गिअरबॉक्स मजबूत केला होता, पुढचे ब्रेक ९२८ या मोठ्या गाडीचे घेतले होते. एक परिच्छेद जोरकस केला की पुढची प्रकरणेही पुन्हा लिहावी लागतात, हे ज्याने पुस्तक लिहिले आहे त्याला कळते.

असे असले तरी, मूळ संहितेला कुणी हातच लावू नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. अमेरिकेत २०१५ साली वाहनांतील सॉफ्टवेअरच्या स्वामित्वहक्कावरून वाद झाला. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीचे म्हणणे असे की, ग्राहक ट्रॅक्टर विकत घेतो, पण त्यातील सॉफ्टवेअरचा त्याला केवळ वापराचा परवाना मिळतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, दुरुस्ती आणि कायदेशीर फेरफार यांपुरती सवलत मालकांना मिळाली. ती देण्याचा अधिकार तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथपालाचा होता, हा तपशील आपल्या मंडळींना आवडावा. आणि त्याच्या आदल्याच महिन्यात फोक्सवागनचे प्रकरण बाहेर आले होते. त्या डिझेल गाड्यांतील अधिकृत मजकूर आपली परीक्षा चालू आहे हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरता सभ्य वागत असे. जगभरच्या सुमारे १.१ कोटी गाड्यांत तो होता. लबाडी उघडी पडली ती रस्त्यावर धावत्या गाड्यांचा धूर मोजून. मजकूर कुलपातच होता. तेव्हा मूळ प्रत म्हणून तिच्यापुढे हात जोडण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. चिप लिहिणारा दुसऱ्याचे कुलूप उघडतो आणि आपला मजकूर पुन्हा कुलपात घालतो. कोणत्या ओळी बदलल्या, दाब कुठे वाढवला, नॉकिंग झाल्यास माघार घेण्याची सूचना शाबूत ठेवली की सौम्य केली, हे तो सहसा सांगत नाही. पोथीच्या समासातील टिपणे पुढच्या नकलेत मूळ ओव्यांमध्ये मिसळून जातात, तसाच हा प्रक्षेप. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करावी लागली ती अशाच निनावी हातांमुळे. उलट भांडारकर संस्थेची १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहा: पानाच्या तळाशी पाठभेद उभे आहेत, ज्याला संपादकाचा निर्णय पटत नाही त्याने तिथे जाऊन भांडावे. चिपच्या धंद्यात हा तळटिपांचा रिवाजच नाही.

त्याची किंमत चुकवतो तो बहुधा दुसरा मालक. पहिल्याला निदान ठाऊक असते की आता उच्च ऑक्टेनचेच पेट्रोल भरले पाहिजे. गाडी विकताना ही गोष्ट सांगितली जातेच असे नाही. नवा मालक साधे पेट्रोल भरतो, चढावर अॅक्सिलरेटर दाबतो, आणि कधीही न वाचलेल्या मजकुराचे परिणाम भोगतो. धूर तर ज्याचा गाडीशी संबंधच नाही त्याच्याही छातीत जातो. म्हणूनच प्रदूषण रोखणारी साधने निकामी करणाऱ्या फेरफाराला अमेरिकेत कायद्याने मनाई आहे.

९४४ टर्बो आता चाळिशीत आली आहे आणि तिच्या अनेक गाड्या कित्येक हातांतून गेल्या आहेत. त्यांच्या पेट्यांत आज कोणाचा मजकूर आहे, हे चिप काढून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. काही हौशी मंडळी नेमके तेच करतात. चिपमधील मजकूर उतरवून घेतात, कारखान्याच्या प्रतीशी आकडान्‌आकडा ताडून पाहतात आणि फरकाची यादी इतरांसमोर ठेवतात. आपण जे करतो ते पाठचिकित्सेचे काम आहे, हे त्यांतल्या अनेकांच्या गावीही नसावे.