हौशीची बुडी, पोटाची बुडी

अंजूरच्या खाडीकाठी आमच्या ओळखीचे एक आजोबा बसतात. उमेदीत ते रेतीच्या बोटीवर डुबी मारायचे. बांबूच्या आधाराने तळाशी जायचे, दम धरून बादली भरायची आणि वर यायचे. आज त्यांना फारसे ऐकू येत नाही.

परवा त्यांच्या नातवाने एक माहितीपत्रक आणले. मालदीव, अंदमानकडे बोटीवरच आठवडाभर मुक्काम, रोज तीन-चार बुड्या, दूरच्या बेटांभोवतीची पोवळी पाहायची! आजोबा म्हणाले, "पैसे मोजून बुडी मारतात?" आम्ही सारे हसलो.

पुढे नियम वाचले आणि हसू ओसरले. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून उतरताना नाक दाबून कानाकडे हलकेच हवा लोटायची. दुखले तर थोडे वर यायचे. सिलिंडरने श्वास घेताना दम रोखायचा नाही. वर सावकाश यायचे. जोडीदाराशिवाय उतरायचे नाही.

आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

हौशीसाठी एवढी काळजी, पोटासाठी काहीच नाही! तारकर्लीला पर्यटन महामंडळाने स्कूबा प्रशिक्षण संस्था उभारली. खाडीत पोहत वाढलेल्या आपल्या मुलांनी तिथली चौकशी जरूर करावी. आणि आजही डुबी मारणाऱ्या भावांनो, सर्दीत उतरू नका, कान दुखताच वर या, एकटे जाऊ नका. घरी तुमची वाट पाहणारे आहेत.