प्रवेश मोजले, पदव्या कोण मोजणार?

दर वर्षी बारावीचे निकाल लागले की परिचितांची मुले महाविद्यालयांच्या याद्या घेऊन माझ्याकडे येतात. पालकांचे प्रश्न तीनच असतात. चार वर्षांचा एकूण खर्च किती? मुलगी वेळेत पदवी घेऊन बाहेर पडेल का? आणि आमच्यासारख्या घरांतील मुली तेथे किती, त्यांचे पुढे काय झाले? चेन्नईत इतकी वर्षे राहूनही या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणारा एकही कागद मी त्यांच्या हाती ठेवू शकलेलो नाही.

ही उणीव तमिळनाडूत असावी, हे अधिक खटकते. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार या राज्याचे सकल नोंदणी प्रमाण ४७ टक्के होते, महाराष्ट्राचे ३५.३ आणि देशाचे २८.४. हे आपोआप घडलेले नाही. अभियांत्रिकीची राज्यस्तरीय प्रवेश परीक्षा २००७ मध्ये बंद झाली. घरातील पहिल्या पदवीधराला शुल्कसवलत मिळाली. २०२१ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ७.५ टक्के जागा सरकारी शाळांतील मुलांसाठी राखीव असून त्यांचे शुल्क राज्य भरते. सरकारी शाळांतून आलेल्या मुलींना २०२२ पासून दरमहा हजार रुपये मिळतात.

दार रुंद झाले, यात शंका नाही. पण आत गेलेल्यांपैकी पदवी घेऊन किती बाहेर पडले? अण्णा विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांच्या सत्रपरीक्षांची टक्केवारी प्रसिद्ध करते. ती उपयुक्त आहे. मात्र परीक्षेला बसलेल्यांपैकी उत्तीर्ण किती, एवढेच ती सांगते. मध्येच शिक्षण सोडलेला मुलगा तीत दिसतच नाही. राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था विहित मुदतीत पदवी मिळवणाऱ्यांची संख्या आणि विद्यार्थ्यांची सामाजिक पार्श्वभूमी कळवतात. परंतु सर्व महाविद्यालये त्या क्रमवारीत नाहीत, आणि कोणत्या गटातील किती जणांनी पदवी पूर्ण केली हे त्यातूनही उमगत नाही.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५ पासून महाविद्यालयनिहाय खर्च, पदवीपूर्तीचे प्रमाण आणि विद्यार्थ्यांची पार्श्वभूमी एकाच ठिकाणी खुली केली. तेथील शिक्षण आपल्यापेक्षा कितीतरी महाग आहे. अनुकरण करायचे ते या पारदर्शकतेचे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पदवीपूर्तीचे आकडे जाहीर झाले, तर महाविद्यालये दुर्बल विद्यार्थ्यांना टाळतील. म्हणूनच तिन्ही रकाने एकत्र हवेत. निवडक गुणवंतांना घेऊन शंभरातील नव्वद पदवीधर घडवणाऱ्या संस्थेपेक्षा, पहिल्या पिढीतील शंभर मुलांपैकी सत्तर जणांना पदवीपर्यंत नेणारी संस्था कदाचित अधिक शिकवते. एकटा आकडा तिच्यावर अन्याय करील. पार्श्वभूमीसह मांडलेला आकडा तिला न्याय देईल.

महाराष्ट्रानेही २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले आहे. निर्णय स्वागतार्हच. पण शुल्क सरकारने भरले तरी वसतिगृह, खानावळ आणि प्रवास कुटुंबाच्याच माथी राहतो, आणि बहुधा तेथेच शिक्षण अडते. म्हणून दोन्ही राज्यांनी प्रवेशफेरीच्या यादीत प्रत्येक महाविद्यालयापुढे पूर्ण खर्च, वेळेत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण आणि त्याची गटनिहाय फोड छापणे बंधनकारक करावे. अर्धवट सुटलेल्या पदवीत राज्याचा पैसा बुडतो. त्या मुलीची मात्र वर्षे बुडतात. ती किती मुलींची बुडाली, एवढे तरी मोजण्याची जबाबदारी शासनाने टाळू नये.